दर्शनाचे दोनशे त्र्याहत्तर

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचतेय, आणि खरं सांगायचं तर वाचून हसतेय. चिंचेवरची बाई, बंद खोलीतली पावलं... जेवताना भावाला मोठ्याने वाचून दाखवायचे. मी सायन्सची. नाक्यावरची लिंबू-मिरची चपलेखाली आली तर पाय झटकून पुढे जाते. एकदा चौकात उतरून ठेवलेला नारळ चांगला पाणीदार दिसला म्हणून उचलणार होते, आईने हातावर फटका मारला म्हणून राहिला. आजसुद्धा "माझा विश्वास आहे" असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण माझ्या कपाटात तीन कागद आहेत. एक प्रश्नपत्रिका आणि दोन झेरॉक्स. ते शेजारी शेजारी ठेवले की जी काय माझी सायन्सची अक्कल आहे ती बंद पडते. यात भूत वगैरे नाही, आधीच सांगते. नंतर वेळ फुकट गेला म्हणून शिव्या घालू नका.

तीन वर्षं झाली. आम्ही बारावीला होतो. घर कांदिवली पश्चिमेला, चारकोप, सेक्टर आठ. बैठी सोसायटी — खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर पोटमाळा, दारासमोर सगळ्यांचं मिळून एक अंगण. बाबा मूळचे मालवणकडचे, आई तर अजूनही घरात मालवणीच बोलते. दर्शना तांडेल आमच्यापासून दहा मिनिटांवर, जुन्या चारकोप गावात राहायची. ज्युनिअर कॉलेजपासूनची मैत्रीण. तिचे बाबा बोटीवर जायचे आणि आई बाजारात मासळी विकायची. दर्शना पहाटे आईबरोबर बर्फाचे खोके उतरवून मग क्लासला यायची, त्यामुळे लेक्चरला हमखास पेंगायची.

तिला काय व्हायचं होतं हे आख्ख्या वर्गाला पाठ होतं. मोठ्या जहाजावर ऑफिसर. "तांडेल म्हणजे काय माहितीये ना? बोटीचा कप्तान. आडनावातच आहे आमच्या. फक्त बोट जरा मोठी पाहिजे." त्या कोर्सला बसायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून साठ टक्के लागतात. म्हणजे तीनशेपैकी एकशे ऐंशी. मॅथ्समध्ये तिची बोंब होती, त्यामुळे फिजिक्सवर सगळी मदार. एकशे ऐंशी हा आकडा तिने पोटमाळ्याच्या तुळईवर खडूने लिहून ठेवला होता — आमच्या पोटमाळ्याच्या, कारण तिच्या घरी अभ्यासाला जागाच नव्हती.

आणि तिसरा ओंकार. आमच्याच सोसायटीतला, शेवटच्या खोलीत राहणारा. पेपर संपला की "पोस्टमॉर्टेम" केल्याशिवाय याला अन्न गोड लागायचं नाही. माझ्या प्रश्नपत्रिकेच्या समासात हिरव्या पेनाने तीन रकाने आखायचे — ते, द, ओ. ते म्हणजे मी, तेजश्री. प्रत्येक प्रश्नाला तिघांची उत्तरं, बरोबर-चूक, शेवटी बेरीज. त्याचा अंदाज कॉलेजच्या परीक्षांत एखाद्या मार्काच्या वर कधी चुकला नव्हता. "बोर्डापेक्षा मी फास्ट आहे," म्हणायचा. आई चिडायची. पेपर झाला की झाला, परत उकरायचा नाही, असं तिचं मत. आम्ही कधी ऐकलं नाही.

फिजिक्सचा पेपर बोरिवलीच्या एका कॉलेजात होता, नाव लिहीत नाही. आडनावांप्रमाणे नंबर, त्यामुळे तांडेलच्या मागे तावडे. दर्शना पुढच्या बाकावर, मी तिच्या बरोब्बर मागे. ओंकार वेगळ्या मजल्यावर.

पेपर काय होता, विचारू नका. पहिल्या दहा मिनिटांत वर्गातले पंखे ऐकू यायला लागले, इतकी शांतता. थिअरी सगळी फिरवून विचारलेली. मी घामाघूम होऊन एकेक सोडवत तेविसाव्या प्रश्नाला आले. तीन मार्कांचं साधं गणित. एक वस्तू २७ डिग्री सेल्सिअसला जेवढी उष्णता बाहेर टाकते, त्याच्या किती पट ३२७ डिग्रीला टाकेल? ज्यांनी फिजिक्स सोडून जमाना झालाय त्यांच्यासाठी सांगते. सेल्सिअसमध्ये आधी २७३ मिळवायचे असतात. म्हणजे २७ चे होतात ३००, ३२७ चे होतात ६००. दुप्पट. दुपटीचा चौथा घात सोळा. संपलं, अर्ध्या मिनिटाचं काम.

मी २७३ मिळवलेच नाहीत. सरळ ३२७ भागिले २७ करत बसले. कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून लॉग टेबल उघडलं, चौथा घात काढला आणि उत्तर लिहिलं — एकवीस हजार पाचशे वीस पट. खाली दोन रेघा ओढल्या. मोठं उत्तर आलं म्हणून उलट बरंच वाटलं. घाबरलेल्या माणसाला लॉग टेबल उघडलं की आपण काहीतरी भारी करतोय असं वाटतं.

पेपरनंतर तिघंही इतके गळून गेलो होतो की बसमध्ये कोणी बोललं नाही. जेवून झोपलो, आणि साडेपाचच्या सुमाराला दर्शना आणि ओंकार आमच्याकडे आले. खालच्या खोलीत चटईवर बसलो. ओंकारने हिरवं पेन काढलं. एकेक प्रश्न, एकेक रकाना. माझ्या टिका जास्त, दर्शनाच्या थोड्या कमी, नेहमीसारखंच. तेविसावर आलो तेव्हा बाहेर उजेड मावळायला लागला होता.

"तेवीस?"

"सोळा," दर्शना म्हणाली.

"सोळा. आपलंपण सोळा. तेजू, तुझं?"

सोळा हा आकडा कुठून आला ते ऐकल्या क्षणी कळलं होतं.

"एकवीस हजार पाचशे वीस," मी म्हणाले.

ओंकारचं पेन थांबलं. "काय? एकवीस हजार? वस्तू आहे का सूर्य?" आणि जो हसत सुटला... "अगं, दोनशे त्र्याहत्तर कोण मिळवणार? वाट लागली यार! टॉपरची वाट लागली!"

दर्शना हसली नाही. "मी तर पानावर गेले की पहिलं तेच लिहिते," ती म्हणाली. "कोपऱ्यात, चौकट करून. नाहीतर विसरते मी." ही तिची जुनी सवय. पानाच्या उजव्या कोपऱ्यात २७३, भोवती चौकट, आणि सातच्या पोटात आडवी रेघ. बाबांच्या बोटीच्या नंबरातला सात पेंटरने तसा काढला होता, तिथून ती शिकली होती. आमच्या वर्गात असा सात दुसरं कोणी काढत नव्हतं.

आता जे लिहितेय ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला रडू आलं, ते दोन मार्क गेले म्हणून नव्हे. माझं दोन मार्कांवाचून काही अडणार नव्हतं. मला राग आला होता. लेक्चरला पेंगणारी ही, माझ्या नोट्स वाचून पास होणारी, हिला आठवतं आणि मला आठवत नाही? असा खराखुरा, घाणेरडा राग. तो लपवायला मी नाटक केलं. तिच्यापुढे पदर पसरल्यासारखी ओढणी धरली आणि म्हणाले, "दर्शू, तुझे ते दोनशे त्र्याहत्तर मला दे ना गं! तुला काय करायचेत?"

तिने लगेच आईच्या थाटात हात फिरवला. कोळणी गिऱ्हाईकाच्या पिशवीत वाट्यावर एक बांगडा जास्त टाकतात ना, तसा. "घे गो माझे बाय, वर घातले तुला. दिले!"

आई त्याच वेळी देवाजवळ दिवा लावत होती. काडी हातात तशीच धरून ती वळली. "गो बायांनो, तिन्हीसांजेक असा दिलंय-घेतलंय बोलू नकात. वास्तू तथास्तु म्हणता."

"काकी, वास्तूला फिजिक्स येतं का पण?" ओंकार म्हणाला. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दिवा लावला, हात जोडले आणि आत गेली.

"चोवीस," ओंकार म्हणाला. मी माझं उत्तर सांगितलं. त्याने दर्शनाकडे बघितलं. "चोवीस, दर्शू."

दर्शना मांडीवर हात ठेवून प्रश्नपत्रिकेकडे बघत होती.

"थांब ना," ती म्हणाली. "तेविसाचं माझं काय आलं होतं?"

"सोळा. आत्ताच तर बोललीस."

"हो, पण... कसं?"

"कसं काय? दोनशे त्र्याहत्तर मिळवून!"

"ते कशाला मिळवायचे?"

आम्हाला वाटलं मस्करी करतेय. मी हसले, ओंकार हसला. ती हसत नव्हती. तिने ओंकारच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच्या तळव्यावर लिहिलं — ३२७, खाली रेघ, २७. आणि भागायला लागली. ओठ पुटपुटत होते, कपाळावर घाम. एकदा भागलं, थुंकी लावून पुसलं, परत भागलं. "सोळा येत नाहीये," म्हणाली. "बारा काहीतरी येतंय. सोळा कसं आलं होतं मला?"

"दर्शू, बस ना," मी म्हणाले. मला आता भीती वाटायला लागली होती. तिने मान वर केली तेव्हा तिचे डोळे माझ्याकडे होते, पण ती मला बघत नव्हती. आठवायचा प्रयत्न करत होती. एखाद्याचं नाव ओठांवर असतं आणि येत नाही, तसा चेहरा.

हे पाच-सात मिनिटं चाललं असेल. मग आईने आतून चहा आणला, दर्शनाने कप घेतला, दोन घोट प्यायली आणि एकदम म्हणाली, "डोकं आउट झालंय माझं. हो रे, केल्विन. मिळवायला लागतात." आम्ही तिघंही जोरात हसलो, जरा जास्तच. ओंकारने रकाने पूर्ण केले आणि बेरीज मांडली. मी सत्तरपैकी पंचावन्न, दर्शना चव्वेचाळीस. तेविसापुढे हिरव्या पेनात स्पष्ट लिहिलंय — ते: २१५२०, चूक, एक मार्क. द: १६, बरोबर, तीन. मला तो एक मार्क सूत्र लिहिल्याचा.

आणि त्या रात्री मला छान झोप लागली. एवढा पेपर बिघडवून कशी लागली, याचा तेव्हा विचार केला नाही.

निकाल लागला. मी फिजिक्सला सत्तावन्न, दर्शना बेचाळीस. प्रॅक्टिकलचे धरून तिची फिजिक्सची बेरीज सत्तर, केमिस्ट्री बासष्ट, मॅथ्स सेहेचाळीस. एकशे अठ्ठ्याहत्तर.

ती आमच्या पोटमाळ्यावर तुळईवरच्या खडूच्या आकड्याखाली बसून होती. रडली नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, "दोन मार्क कुठे पडले असतील गं?"

ओंकार म्हणाला, "तेजू, तुझे दोन जास्त, हिचे दोन कमी. एकामागे एक बसला होतात. पुरवण्या बांधताना अदलाबदल झालीय, लिहून देतो." हे पटण्यासारखं होतं. बोर्डाकडे अर्ज केला की तपासलेल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मिळते. दर्शनाने अर्ज केला, आणि खात्री करायला मीपण केला. दोन्ही आल्या तेव्हा त्याच चटईवर, त्याच तिघांनी बसून उघडल्या.

पुरवण्या ज्याच्या त्याच्याच होत्या. नंबर, सही, अक्षर, सगळं बरोबर. दर्शनाच्या पेपरात दर्शनाचं तिरकं अक्षर, माझ्यात माझं गोल. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग तेविसावा प्रश्न आला.

दर्शनाच्या पानाच्या कोपऱ्यात चौकट नव्हती. तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं — ३२७ भागिले २७. बाजूला लॉगची आकडेमोड, जी ती जन्मात करायची नाही, लॉग टेबल बघितलं की तिला चक्कर यायची. खाली उत्तर: २१५२०. दोन रेघा. तिचे आठ-दहा सात त्या पानावर होते. बाकी सगळ्यांना आडवी रेघ होती, फक्त या चार ओळींतल्या सातांना नव्हती.

ओंकारने माझं पान पुढे सरकवलं. सरकवलं आणि हात काढून घेतला.

माझ्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात २७३ होतं. भोवती चौकट. सातच्या पोटात आडवी रेघ. खाली माझ्या गोल अक्षरात ३००, ६००, दोनाचा चौथा घात, सोळा. कुठे खाडाखोड नाही, गिचमीड नाही. तीनपैकी तीन.

दर्शनाने दोन्ही पानं उचलून उजेडात धरली.

तुम्ही जे म्हणाल ते सगळं आम्ही म्हणून झालंय. मी पुढच्या बाकावरचं बघून लिहिलं असेल? समजा, लिहिलं. मग माझी चूक तिच्या पेपरात कशी गेली? ती माझ्या पुढे बसली होती, मागे वळली असती तर सुपरवायझरने उचलून बाहेर काढलं असतं. आम्हाला चुकीचं आठवत असेल? तिघांनाही? आणि ते समासातलं हिरवं पेन? ते तर निकालाच्या तीन महिने आधीचं आहे. माझ्या एका प्रोफेसरांना मी हे नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, ताणाखाली मेंदू काहीही करतो. करत असेल. पण मेंदू गठ्ठ्यात बांधून गेलेल्या कागदावरची शाई बदलतो का?

दर्शनाने रीव्हॅल्युएशनचा अर्ज केला. उत्तर चूकच लिहिलेलं होतं तर तपासणारा तरी काय देणार, पण केला. त्याचा निकाल यायच्या आधी एका संध्याकाळी मी तिला मुद्दाम घरी बोलावलं. आई दिवा लावायला उठली तशी मी दर्शनाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "दर्शू, तुझे दोनशे त्र्याहत्तर तुला परत. दिले."

"काय गं हे," ती ओशाळून म्हणाली. "मार्क म्हणजे काय बांगडे आहेत?"

मी परत म्हणाले, "दिले." काही झालं नाही. बाहेर अंगणात मुलं क्रिकेट खेळत होती. आई दिव्यापाशी उभी होती. मला वाटलं आता ओरडेल. ती हळूच म्हणाली, "परत म्हण गो."

मी तिसऱ्यांदा म्हणाले. मग चौथ्यांदा. मग दर्शनाने हात सोडवून घेतले.

गुणांत बदल नाही, असं उत्तर आलं.

जुलैत परत परीक्षेला बसायचं ठरलं होतं. फॉर्मसुद्धा आणला होता तिने. त्याच महिन्यात तिच्या बाबांच्या पायाचं ऑपरेशन निघालं, बोट उभी राहिली, आणि पहाटेचा बाजार तिच्यावर आला. फॉर्म राहिला तो राहिलाच. आता ती आईच्या शेजारी स्वतःची पाटी लावते, आणि बाहेरून बी.ए. करते. जहाजाचं कधी बोलत नाही. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ते दोन मार्क मला कुठेच उपयोगी पडले नाहीत. ॲडमिशन सीईटीवर झाली.

आमचं भांडण झालेलं नाही. आई मासळी आणायला जाते तेव्हा दर्शना अजूनही वाट्यावर एक बांगडा जास्त टाकते. पण "दिला" म्हणत नाही. गुपचूप पिशवीत टाकते आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळते. हे आईच्या लक्षात आलं, तिने मला सांगितलं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर खाली लिहा, मी रोज येऊन बघेन. फक्त एक गोष्ट आहे जी मी ओंकारला सांगितली नाही, आईला नाही, दर्शनाला तर नाहीच. त्या संध्याकाळी ती "दिले" म्हणाली तेव्हा आम्ही तिघंही हसत होतो, पण आतल्या आत मी खरोखर म्हणाले होते, घेतले. ती चेष्टेत देत होती. मी चेष्टेत घेत नव्हते.